घरात स्मार्ट मीटर घ्यायचा की नाही: ठरवण्याआधी तपासायच्या गोष्टी

महावितरणचा माणूस दारात उभा राहिला की बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो: मीटर बदलू द्यायचा की नाही? हा निर्णय पूर्णपणे आपल्या हातात नाही. जे हातात आहे, त्याकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. मीटर पोस्टपेड चालणार की प्रीपेड, जुना मीटर काढताना कागदावर कोणतं रीडिंग लिहिलं जातंय आणि घरातला किती वापर दिवसा नेता येईल, या तीन गोष्टींवर पुढच्या वर्षभराची बिलं ठरतात. स्मार्ट मीटरबद्दलच्या तक्रारींचा मोठा भाग मीटरच्या यंत्रात नसतो. तो बदलाच्या दिवशी झालेल्या कागदोपत्री गोंधळात असतो.

नकार देता येतो का?

वीज कायदा २००३ च्या कलम ५५ प्रमाणे योग्य मीटरशिवाय वीजपुरवठा करता येत नाही. 'योग्य' म्हणजे काय, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे मीटरविषयक नियम सांगतात. मूळ नियम २००६ चे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने नव्या जोडण्यांसाठी प्रीपेड सोय असलेला स्मार्ट मीटर हाच नियम झाला. केंद्राची सुधारित वितरण क्षेत्र योजना जुलै २०२१ मध्ये आली आणि देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसवायचं लक्ष्य ठरलं. महाराष्ट्रात महावितरणने ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरची कामं कंत्राटदारांना दिली. दहा वर्षांची देखभाल धरून एका मीटरमागे खर्च साधारण १२ हजार रुपये येतो. केंद्राचं अनुदान त्यात मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये आहे. ग्राहकाकडून मीटर बसवताना पैसे घेतले जात नाहीत आणि कुणी मागितले तर द्यायचेही नाहीत. पण उरलेले अकरा हजार कुठून तरी येणारच. ते कंपनीच्या वाचलेल्या गळतीतून येतील, नाहीतर पुढच्या दरवाढीतून. मीटर 'मोफत' आहे असं सांगणाऱ्याने अर्धीच गोष्ट सांगितलेली असते.

प्रीपेड मीटरला राज्यभर विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारने जाहीर केलं. २०२५ पासून घरोघरी जो 'टीओडी मीटर' (टाइम ऑफ डे, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर मोजणारा) बसतोय तो यंत्र म्हणून स्मार्ट मीटरच आहे, फक्त पोस्टपेड पद्धतीने चालवला जातो. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पोस्टपेडचा प्रीपेड करायला मीटर बदलावा लागत नाही. ते काम दुरून, संगणकावरून होतं.

नवी जोडणी असेल, मीटर जळाला असेल, बंद पडला असेल, भार वाढवायचा असेल किंवा छतावर सौर पॅनेल लावायचे असतील, तर स्मार्ट मीटरच मिळेल असं धरून चाला. कलम ५५ मध्ये ग्राहकाला स्वतः मीटर विकत घेण्याची मुभा आहे, पण तो मीटरही नियमातलाच लागतो, त्यामुळे जुन्या पद्धतीचा मीटर आणून लावता येत नाही. चांगला चालणारा मीटर बदलायला आले असतील तर कारण लेखी मागा, वेळ मागून घ्या, आक्षेप असेल तर तो उपविभागीय कार्यालयात देऊन पोच घ्या. दार लावून घेणं मात्र धोक्याचं आहे. कलम १६३ प्रमाणे कंपनीच्या अधिकृत माणसाला सूचना देऊन मीटर तपासायला वा काढायला आत येता येतं. ग्राहकाने अडवलं तर लेखी नोटीस देऊन २४ तासांनंतर वीज तोडण्याचा अधिकारही त्यात आहे. लढायचं असेल तर कागदावर लढा, दारात नको.

मीटरच्या आत नवं काय आहे?

मोजणारा भाग नवा नाही. गेली बरीच वर्षं आपल्याकडे आकडे दाखवणारे इलेक्ट्रॉनिक मीटर आहेत आणि स्मार्ट मीटर वीज मोजतो ती त्याच तऱ्हेने. घरगुती स्मार्ट मीटरसाठी आयएस १६४४४ हे भारतीय मानक आहे. वर्ग १ च्या मीटरची चूक नेहमीच्या भारावर एक टक्क्याच्या आत राहायला हवी. मोजणीच्या भोवती तीन गोष्टी नव्याने आल्या आहेत. पहिली म्हणजे दर अर्ध्या तासाचा वापर वेळेसकट साठवणारी स्मृती आणि घड्याळ. दुसरी, ही माहिती पाठवणारं संपर्काचं साधन. त्यात मोबाइलचं सिम असतं, नाहीतर आसपासच्या मीटरांना जोडणारा छोटा रेडिओ. तिसरी, दुरून पुरवठा तोडता-जोडता येणारा रिले.

मग 'मीटर बदलला आणि बिल वाढलं' हा अनुभव खोटा का? नाही, बऱ्याच ठिकाणी तो खरा असतो. मात्र त्याची कारणं वेगळी असतात.

घरात फिरत्या चकतीचा जुना मीटर असेल तर बारीक भारावर ती चकती हलतच नसे. सेट-टॉप बॉक्स, वायफायचा राउटर, बंद दिसणारा टीव्ही, देवाजवळचा दिवा मिळून वीसएक वॅट सतत चालू असतात. वीस वॅट, चोवीस तास, तीस दिवस म्हणजे १४.४ युनिट. नवा मीटर ते मोजतो. तुमचा वापर ९० युनिट दिसत असेल तर तो १०४ होतो आणि शंभराची पायरी ओलांडली जाते. महावितरणच्या दरात १०१ ते ३०० या टप्प्याचा युनिट दर पहिल्या शंभराच्या दुपटीच्या आसपास असतो, त्यामुळे वरची चार युनिटंही टोचतात.

दुसरं कारण आधीच्या बिलांत लपलेलं असतं. मागच्या काही महिन्यांत मीटर 'फॉल्टी' किंवा 'लॉक' दाखवून सरासरीवर बिल आलं असेल तर खरा वापर साठत गेलेला असतो आणि नवा मीटर आल्यावर तो एकदम समोर येतो. शेवटच्या सहा बिलांवर मीटरची स्थिती काय छापली आहे ते आधी बघून घ्या.

तिसरं कारण तांत्रिक आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. आपल्याकडचे सिंगल फेज मीटर साधारणपणे फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांमधला प्रवाह मोजतात आणि त्यांतला जो जास्त असेल तो धरतात. चोरी पकडण्यासाठी केलेली ही सोय आहे. पण जुन्या चाळीत वा इमारतीत दोन घरांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र जोडलेले असतील, तर शेजारच्या घराचा परतीचा प्रवाह तुमच्या मीटरमधून जातो आणि तो तुमच्या नावावर मोजला जातो. गिझरची कॉइल गळत असेल तर फेजचा काही प्रवाह न्यूट्रलने न परतता जमिनीत जातो, तोही बिलात येतो. अशा घरात मीटर कितीही वेळा बदलला तरी बिल कमी होणार नाही. वायरमनला बोलवावं लागेल.

दिवसाची सवलत किती कामाची?

टीओडी म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे दर. दुपारी सौरऊर्जा भरपूर असते, म्हणून तेव्हा वीज स्वस्त देता येते. केंद्राच्या २०२३ च्या ग्राहक हक्क नियमदुरुस्तीत सौर तासांचा दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितलं आहे. महावितरणने जुलै २०२५ पासून घरगुती टीओडी ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर केली आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने एक रुपयापर्यंत नेण्याचं सांगितलं. त्याच केंद्रीय नियमांत गर्दीच्या वेळी, घरांसाठीही, किमान १.१० पट दराची तरतूद आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशाने दर बदलतात, तेव्हा जाहिरातीवर न जाता प्रत्येक नव्या दरआदेशानंतर बिलावरचा टीओडीचा तक्ता वाचायची सवय लावा.

आता हिशोब. चार माणसांचं, महिन्याला दीडशे युनिटचं घर घेऊ. फ्रिज दिवसाला साधारण एक युनिट घेतो, त्यातलं एक तृतीयांश आपोआप ९ ते ५ मध्ये पडतं, म्हणजे महिन्याला १० युनिट. एक एचपीचा पाण्याचा पंप रोज अर्धा तास म्हणजे १५ युनिट, तो सकाळी सातऐवजी साडेनवाला लावता येतो. वॉशिंग मशीनच्या बारा फेऱ्या सहा युनिट, इस्त्री चार, दिवसा घरी असलेल्या आजी-आजोबांच्या खोलीतला पंखा तेरा. बेरीज ४८ युनिट. ८० पैशांनी ३८ रुपये ४० पैसे. १६ टक्के वीज शुल्कही तेवढ्यावर वाचेल असं धरलं तरी पंचेचाळीसच्या आसपास.

म्हणजे अशा घराला टीओडीमुळे महिन्याला चाळीस-पन्नास रुपये मिळतील. दोघंही सकाळी आठला बाहेर पडून संध्याकाळी सातला परत येत असतील तर त्याच्या निम्मेच. जिथे आकडा मोठा होतो ती घरं वेगळी आहेत. विजेवरची स्कूटर दुपारी चार्ज करता येत असेल तर दिवसाला तीन युनिट, महिन्यात पंचवीस दिवस, म्हणजे ७५ युनिट आणि ६० रुपये. दुपारी चार तास एसी चालवणाऱ्या घरात १२० युनिट म्हणजे ९६ रुपये. घरून काम करणारे, शिलाईकाम वा डबे करणारे, दिवसभर घरात वयस्कर माणसं असणारे, यांना हा मीटर खरोखर उपयोगी आहे आणि त्यांनी तो मागून घ्यायलाही हरकत नाही. गिझरचं मात्र फसवं आहे. पंधरा लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सहा दशांश युनिट लागतं. ते दुपारी तापवून रात्रीपर्यंत ठेवलं तर टाकीतून उष्णता निघून जाते आणि वाचवलेल्या अठ्ठेचाळीस पैशांतला बराच भाग त्यातच जातो.

सवलतीपेक्षा टप्पा मोठा आहे, हेही लक्षात ठेवा. ११० युनिटवरून ९८ वर आलात तर वरच्या टप्प्यातली दहा युनिटं पूर्णपणे वाचतात. अर्ध्या तासाच्या वापराचा आलेख ॲपवर दिसतो, त्याचा खरा फायदा इथे आहे. रात्री दोन ते चार या वेळेत, सगळे झोपलेले असताना किती युनिट जातात ते बघा. फ्रिज आणि पंखे वजा करून जे उरतं ते शोधून बंद करा.

पोस्टपेडच ठेवावा का?

आमचं मत स्पष्ट आहे: ज्यांचं उत्पन्न महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येत नाही, त्यांनी प्रीपेड स्वीकारू नये. पोस्टपेडमध्ये बिल थकलं तरी कलम ५६ प्रमाणे पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. त्या पंधरा दिवसांत हातउसने घेता येतात, हप्ते मागता येतात, चुकीच्या बिलावर तक्रार करता येते. प्रीपेडमध्ये शिल्लक संपली की रिले दुरून उघडतो. वीज न तोडण्याचे ठरलेले तास, उणे शिल्लक अशा सोयी कंपन्या देतात, पण त्या कंपनीच्या नियमावर असतात. चुकीच्या बिलाबाबत तर फरक आणखी मोठा आहे. पोस्टपेडमध्ये वाद झाला तर पैसे तुमच्याकडे असतात, प्रीपेडमध्ये ते आधीच गेलेले असतात.

प्रीपेडच्या बाजूनेही एक पक्की गोष्ट आहे. कलम ४७(५) प्रमाणे प्रीपेड घेणाऱ्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. महाराष्ट्रात ही ठेव साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी असते. भाड्याने दिलेलं घर, वर्षातून एकदा उघडणारं कोकणातलं घर, छोटा गाळा, अशा ठिकाणी ठेव न अडकता आणि भाडेकरू बिल थकवून जाण्याची भीती न राहता प्रीपेड सोयीचा पडतो. याच कलमातली शब्दरचना 'ग्राहक तयार असेल तर' अशी आहे, आणि प्रीपेड हा ग्राहकाचा पर्याय आहे, सक्ती नाही, असं ग्राहक संघटना म्हणतात ते यावरूनच.

मीटर बदलायचा दिवस

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. घरात कुणीतरी मोठं माणूस असतानाच बदलू द्या. बंद घराबाहेरचा मीटर बदलून गेले आणि मग कागद शोधत बसलात, असं होऊ देऊ नका.

आलेल्या माणसाचं ओळखपत्र आणि कोणत्या कंत्राटदाराकडून आला ते पाहा. जुन्या मीटरला हात लावण्याआधी त्याचा फोटो घ्या. एकाच फोटोत युनिटचं रीडिंग आणि मीटरचा अनुक्रमांक दोन्ही आले पाहिजेत. मीटरचा पडदा आळीपाळीने वेगवेगळे आकडे दाखवतो, त्यातला केडब्ल्यूएच लिहिलेलाच आकडा हवा. केव्हीएएच हा शेजारचा आकडा नेहमी थोडा मोठा असतो आणि घाईत तोच लिहिला जाण्याची चूक होते. सीलचेही फोटो घ्या. जुना मीटर प्रयोगशाळेत गेल्यावर 'सील तुटलेलं होतं' असा शेरा आला तर त्या फोटोशिवाय तुमच्या हातात काही नसतं.

मग नव्या मीटरचा फोटो: अनुक्रमांक, सुरुवातीचं रीडिंग, आणि तारीख-वेळ दाखवणारा पडदा. ही वेळ मोबाइलच्या घड्याळाशी जुळवा. घड्याळ दोन तास पुढे-मागे असेल तर दिवसाची सवलत चुकीच्या तासांना लागेल आणि युनिटची बेरीज बरोबर असल्याने ते कुणाच्याही ध्यानात येणार नाही.

मीटर बदल अहवालावर जुन्या मीटरचं शेवटचं आणि नव्याचं सुरुवातीचं रीडिंग, दोन्ही अनुक्रमांक, तारीख भरलेली असल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या अहवालावर तर कधीच नाही. प्रत मिळाली नाही तर भरलेल्या अहवालाचा फोटो घ्या. त्यात बिलिंगचा प्रकार पोस्टपेड लिहिला आहे का तेही तिथेच बघा.

सही करण्याआधी आणखी अर्धा तास थांबवा. गिझर आणि इस्त्री एकदम लावा आणि वीस-तीस मिनिटांनी मीटरजवळ जा. जळका वास, मीटरच्या खालच्या बाजूची उष्णता, दिव्यांचं लुकलुकणं यांतलं काही जाणवलं तर टर्मिनलचा स्क्रू नीट आवळलेला नाही. विशेषतः बाहेरून येणारी ॲल्युमिनियमची तार असेल तर हे होतं: ती तार दाबाखाली हळूहळू बसते, सांधा सैल होतो, सैल सांधा तापतो आणि तापला की आणखी सैल होतो. नव्या मीटरचे टर्मिनल जळण्यामागे हे एक नेहमीचं कारण आहे. टर्मिनलचं झाकण सीलबंद असतं, ते तुम्ही वा तुमच्या वायरमनने उघडायचं नाही. बसवणाऱ्याकडूनच आवळून घ्या. तो निघून गेला असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवा.

आता पहिलं बिल. महावितरणच्या बिलावर चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव, युनिट, समायोजित युनिट, एकूण असे रकाने असतात. समजा ५ तारखेला जुन्या मीटरचं रीडिंग ८४१२ होतं, १९ तारखेला तो काढला तेव्हा ८४७४. म्हणजे जुन्यावर ६२ युनिट. नवा शून्यापासून सुरू होऊन पुढच्या ५ तारखेला ७१ वर आला. बिलात युनिट ७१, समायोजित ६२, एकूण १३३ असं दिसायला हवं. आता ८४७४ च्या जागी कुणी ८७७४ लिहिलं असतं तर समायोजित युनिट ३६२ झाले असते, एकूण ४३३, आणि घर एकाच महिन्यात एक टप्पा वर गेलं असतं. एका आकड्याची चूक. 'स्मार्ट मीटर पळतो' म्हणून येणारं असं बिल तुमच्याकडच्या एका फोटोने दुरुस्त होतं. उलटही होतं: समायोजित रकाना रिकामा राहतो, पहिलं बिल छान कमी येतं आणि तीन महिन्यांनी राहिलेली युनिटं एकरकमी लागतात. म्हणून कमी आलेलं बिलही तपासा.

मीटर पळतोय असं वाटतंय

आधी मुख्य स्विच बंद करा, म्हणजे मीटरनंतरचा, घराचा. पाच मिनिटं मीटरवरच्या छोट्या लाल दिव्याकडे बघत राहा. तो लुकलुकला नाही तर ठीक. काही मीटरमध्ये भार नसताना तो स्थिर पेटलेला राहतो, त्यात काही वावगं नाही. पण घर बंद असूनही तो अधूनमधून मिचकत असेल तर मीटर आणि तुमच्या स्विचमध्ये कुणाची तरी तार जोडलेली आहे, किंवा सामाईक न्यूट्रलची भानगड आहे. मीटरच्या पडद्यावर फेजचा आणि न्यूट्रलचा प्रवाह वेगवेगळा दिसत असेल तर घर चालू असताना दोन्ही आकडे पाहा. ते जवळजवळ सारखे असायला हवेत. फरक असेल तर वायरमनकडून एकेक एमसीबी बंद करून बघा. ज्याच्या बंद होण्याने फरक जातो, गळती त्या वायरिंगवर आहे.

मग अचूकतेची घरगुती चाचणी. मीटरच्या पाटीवर ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं. त्याचा अर्थ एका युनिटला तो दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजही. १००० वॅटचा पाणी तापवायचा रॉड बादलीत बुडवून मग चालू करा. चालू असताना पाण्याला हात लावायचा नाही. इस्त्री किंवा गिझर या चाचणीला चालत नाही, कारण त्यांचा थर्मोस्टॅट मधूनच बंद होतो. पाच मिनिटं दिव्याची मोजणी करा, मोबाइलवर चित्रण करून नंतर मोजलं तर सोपं. पूर्ण १००० वॅटला मिनिटाला ५३ म्हणजे पाच मिनिटांत २६७ लुकलुकाटी यायला हव्यात.

कमी आल्या म्हणून लगेच मीटर हळू आहे असं समजू नका. रॉडवरचे १००० वॅट २३० व्होल्टला आहेत. मीटरच्या पडद्यावर व्होल्टेज २१५ दिसत असेल तर तोच रॉड फक्त ८७४ वॅट घेतो आणि पाच मिनिटांत २३३ हा आकडा बरोबर असतो. रॉडच्या स्वतःच्या वॅटमध्येही पाच-दहा टक्के इकडेतिकडे असतं. त्यामुळे या चाचणीने एक-दोन टक्क्यांची चूक पकडता येत नाही. मीटर दीडपट वा दुप्पट पळत असेल तर ते मात्र लगेच कळतं, आणि लोकांचा संशय बहुधा तेवढ्याच फरकाचा असतो.

चाचणीनंतरही शंका राहिली तर लेखी तक्रार करा. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेली दुरुस्ती इथे फार उपयोगी आहे: रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली तर कंपनीने पाच दिवसांत शेजारी दुसरा मीटर लावायचा आणि किमान तीन महिने दोन्हींची तुलना करायची. अर्जात या दुरुस्तीचा उल्लेख करून चेक मीटर मागा. मीटर सदोष निघाला तर राज्य आयोगाच्या पुरवठा संहितेप्रमाणे वाद सुरू झाला त्या महिन्याआधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांचं बिल दुरुस्त होतं, म्हणून तक्रारीला उशीर करू नका.

तोवर बिलाचं काय? ते न भरता बसलात तर तोडणीची नोटीस येईल. कलम ५६ मध्येच वाट दिली आहे: मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीप्रमाणे होणारी रक्कम, यांत जी कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. ऑनलाइन भरून हे होत नाही. कार्यालयात अर्ज देऊन, सरासरीचा हिशोब जोडून भरा आणि पोच ठेवा. उत्तर समाधानकारक नसेल तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि मंचाच्या आदेशावर ६० दिवसांत विद्युत लोकपाल. लोकपालांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. वीजचोरीच्या, म्हणजे कलम १३५ च्या प्रकरणांत मंचाकडे जाता येत नाही, म्हणून मीटरच्या सीलला चुकूनही हात लावू नका. नव्या मीटरचं झाकण उघडलं किंवा जवळ चुंबक नेलं तर त्याची तारीख-वेळेसह नोंद होते.

भार, छतावरचं सौर आणि खासगीपणा

जुन्या जोडण्यांवर मंजूर भार, म्हणजे एका वेळी वापरायला कंपनीने मान्य केलेला भार, एखादा किलोवॅटच असतो आणि घरात गिझर-एसी मिळून साडेतीन चालतात. स्मार्ट मीटर हे महिन्याच्या सर्वोच्च मागणीत, म्हणजे एका वेळी चाललेल्या सर्वाधिक भाराच्या आकड्यात, नोंदवतो. २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणे ही मागणी वर्षात किमान तीनदा मंजूर भाराच्या वर गेली तरच भार वाढवता येतो, आणि मीटर बसण्याआधीच्या काळासाठी या नोंदीवरून दंड लावता येत नाही. बिलावरचा मंजूर भार पाहून गरज असेल तर आपणहूनच वाढवून घेतलेला बरा.

छतावर सौर पॅनेल असतील तर बदलानंतर मीटर आयात आणि निर्यात ही दोन्ही रीडिंग वेगळी दाखवतो का ते त्याच दिवशी, ऊन असताना पाहा. निर्यातीचा आकडा हलत नसेल तर तुमची ग्रीडला गेलेली वीज कुठेच जमा होत नाही. शिवाय ९ ते ५ मध्ये तुम्ही स्वतःचीच वीज वापरत असल्याने टीओडीच्या सवलतीचा लाभ तुम्हाला थोडाच मिळेल.

किरणोत्सर्गाची भीती बाळगायचं कारण नाही. मीटर थोडा थोडा वेळ, मोबाइलसारख्याच रेडिओलहरींवर माहिती पाठवतो आणि तो बहुधा जिन्यात असतो. खासगीपणाचा प्रश्न मात्र रास्त आहे. अर्ध्या तासाच्या नोंदींवरून घर कधी रिकामं असतं हे कुणालाही वाचता येतं. ॲपचा पासवर्ड भाडेकरू बदलल्यावर बदला, घर विकलं की ग्राहक क्रमांकाला जोडलेला मोबाइल क्रमांक काढून घ्या, आणि बिलाचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकताना ग्राहक क्रमांक झाका. त्या क्रमांकावरून बाकीची माहिती उघडते.